हाली रुपयांची माळ

३० जून, सोमवार
इष्टलिंग पूजा आटोपली. तेल परत महागलं, बेसन आता पुढच्या महिन्यात. दुपारी मठात भजनाला गेले. तिथं नांदेडच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडम आलेल्या. मोठ्या शहरातलं नाण्यांचं संग्रहालय अन् त्यांचं कॉलेज मिळून नांदेडला प्रदर्शन भरवणार, निजामाच्या वेळच्या पैशांचं. कुणाकडं जुनं काही असलं तर सांगा म्हणाल्या. शेजारच्या कमलबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "यांच्या महालक्ष्मीच्या गळ्यात समदे चांदीचे हाली रुपये हायत." मी नुसती हसले. नको तिथं हसले.

३ जुलै, गुरुवार
मॅडम घरी आल्या, सोबत संग्रहालयाचे साहेब. डब्यातून माळ काढली. साहेबांनी हातमोजे घातले. बरं झालं, पारोशा हातानं धरली नाही. कागदावर लिहायला मालकाचं नाव विचारलं. म्हटलं, ज्येष्ठा महालक्ष्मी. साहेब म्हणाले, "आडनाव?" मॅडमना हसू आवरेना.
मग सांगितलं, एक वर्ष सण आमच्याकडं लातूरला, एक वर्ष नांदेडला धाकट्या जावेकडं. जिकडं सण तिकडं माळ. सासूबाईंनी तसं लावून दिलंय. साहेब म्हणाले एकच नाव बसतं, ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं. सही केली.
औंदा पाळी संगीताची. पहिल्या श्रावण सोमवारी माळ तिला पोचवायची असते. माळ नांदेडला जाणारच आहे तर परस्पर जाईल, संगीता तिथनंच घेईल, माझं येण्याजाण्याचं भाडं वाचेल, असा हिशोब केला. तिला विचारायचं राहिलं. उद्या फोन करीन.

१६ जुलै, बुधवार
प्रदर्शन सुरू झालं. मॅडमनी फोटो पाठवला. काचेत काळ्या मखमलीवर माळ. कुंकू पुसलं नाही, बरं वाटलं. खाली पाटी. चष्मा लावून वाचली. 'सौ. महानंदा यांच्या खासगी संग्रहातून, लातूर.'
माझा कसला संग्रह. लोणच्याच्या बरण्या.
संगीताला अजून सांगितलेलंच नाही. कॉलेज तिच्या घरापासून लांब नाही. रात्री जेवण गेलं नाही.

१८ जुलै, शुक्रवार
मॅडमना फोन केला, पाटीवर दोघी जावांची नावं घाला. म्हणाल्या, "पाट्या संग्रहालयाकडनं येतात हो, आमचं फक्त सभागृह." साहेबांना केला. "कॉलेजनं पाठवलेल्या कागदावरनं आम्ही छापतो." परत मॅडमना. "दोन्ही संस्थांचा करार आहे ना, दोघांनाही लेखी अर्ज द्या."
दोन अर्ज लिहिले. ह्यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, "संगीताला एक फोन केला असता तर एकपण लागला नसता."
खरंय. तरी नाही केला. आधी पाटी बदलू दे, मग सांगते. म्हणजे सांगायला काही वाईट उरणार नाही.

२८ जुलै, सोमवार
पहिला श्रावण सोमवार. उपवास. पाटी तीच.
सकाळी संगीताचाच फोन. "अक्का, कोणत्या गाडीनं निघालात? हे स्टँडवर येऊन राहिलेत." मग सांगावंच लागलं, माळ नांदेडातच आहे, कॉलेजात. ती म्हणाली, "बरं. मी आणते जाऊन."
दिवसभर महादेवाला एकच मागणं, तिचं लक्ष पाटीवर जाऊ नये.
संध्याकाळी भावजींचा फोन. "वहिनी, त्यांनी माळ न्हाई दिली. मालकांना घेऊन या म्हणले. हिला विचारलं, तुम्ही मालकांच्या कोण."
"मग?"
"ही म्हणली, कोणी न्हाई. अन् घरी आली."

५ ऑगस्ट, मंगळवार
सं. माझा फोन उचलत नाही.
साहेबांचा उचलला. प्रदर्शन लोकांना लई आवडलं, आता दुसऱ्या एका संस्थेबरोबर पुढच्या शहरात न्यायचं म्हणतात. माझी संमती पाहिजे. माझ्या नावाचं प्रमाणपत्र देतील. म्हटलं, महालक्ष्म्या तोंडावर आल्या, माळ द्या. तर म्हणाले, "यंदापुरती देवीला दुसरी घाला."
म्हटलं, "साहेब, काचेत दुसरी तुम्हीच घाला."
एवढं मी कधी कुणाला बोलले नव्हते. परत द्यायला दोन्हीकडच्या सह्या लागतात, महिनाअखेर होईल म्हणाले. महिनाअखेरीलाच आवाहन.

२१ ऑगस्ट, गुरुवार
देवाची कृपा, सह्या लवकर झाल्या. नांदेडला गेले. कॉलेजात माझी सही घेऊन माळ दिली. पाटी शेवटपर्यंत तीच होती. तिथल्या माणसाला म्हटलं, ही काढून मला द्या. म्हणाला, ती संग्रहालयाची मालमत्ता.
तिथनं थेट सं.च्या घरी. दार भावजींनी उघडलं. सं. आतनं आली, हातपाय धुतले, माळ पदरात घेतली, डोळ्याला लावली, देव्हाऱ्यात ठेवली. मला म्हणाली, "चहा घेऊन जावा." बसा म्हणाली नाही.
चहा घेतला. पाटीचं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "गाडीला गर्दी होती का?"
होती म्हटलं.
ज्या भाड्याला जपले ते आज दिलंच. खर्चात 'प्रवास' लिहिलं, पुढं काय कामानं ते नाही लिहिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
परवा आवाहन. सं.ची पाळी असली की तिचा चार दिवस आधी फोन येतो, "अक्का, महालक्ष्म्या उभ्या तुम्हीच करायच्या." औंदा मोबाइलवर सगळ्या नातेवाइकांना एकच चित्र आलं. त्यात जेवणाची वेळ. खाली घराचा पत्ता. मला, पत्ता.
दुपारी भावजींचा फोन. "वहिनी, येणार न्हवं?"
मागं भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला. मग सं.चा आवाज, "अक्का येतील तर येऊ द्या की. माळ त्यांचीच हाय."
भावजींनी "ठेवतो" म्हटलं.
पिशवीत खण अन् नारळ घातला. काढला. परत घातला. हे मघापासून विचारून राहिले, सकाळची गाडी का दुपारची.