वाटेतले भजे

माय भाग्यलक्ष्मी,

आज तुया धाकल्या बहिणीच्या शाळेत मीटिंगले गेलो. तुया लग्नानंतर पयल्यांदाच. मॅडम तेलुगूत बोलत होत्या आन् आपल्या गावचा शिपाई मले मराठीत सांगत होता. बोलता बोलता मॅडमनं तुयंच नाव काढलं. "मोठीले उटनूरच्या हॉस्टेलात सीट भेटत होती. काऊन नाही पाठवलं? मी सांगतलं तवा तुमी तं मान हालवली होती."

हालवली होती खरी. तवा मॅडमचं तेलुगू मले मराठीत सांगाले मधात तू उभी होती. मॅडम किती वेळ बोलल्या, आन् तू मले एवढंच सांगतलं, "बाबा, सगळं ठीक हाये मंते मॅडम." घरी तुयी माय अंथरुणावर होती. तिले कोण पाहीन, हे तू एकटीनंच ठरवून टाकलं.

फोनवर हे माया तोंडून निघत नाही. आन् पत्र टाकलं तं तुया सासरी कोणीबी फोडून वाचीन. म्हून हे घरातल्या पेटीतच ठेवतो.

त्या दिवशी शाळेतून येतानी वाटेत तुयासाठी भजे घेतले होते. तू घरापर्यंत पुडा हातात धरून राह्यली, एकबी खाल्लं नाही. मले वाटलं, तिखट असतीन.

तुया बाप,
उद्धव