बाळकृष्ण पाण्यात

सोम. ४ ऑगस्ट
श्रावणी सोमवार, उपास. ह्यांना डायलिसिसला नेलं. दोन बस जायला, दोन यायला. गाडी दारात उभी, चालवणारी सई मेलबर्नला. येताना हे स्टॉपवर बसूनच राहिले, उठवेना. एक बस सोडली.
सईला सांगायचं नाही, ह्यांनी शपथ घातलीय. "पोरीला क्लबने एका वर्षापुरतं घेतलंय. अजून एक मॅच खेळवलेली नाही. कळलं तर सगळं टाकून येईल."
नाही सांगत. देवाला सांगायला बंदी नाही. संध्याकाळी बाळकृष्ण वाटीत पाण्यात ठेवला. तिला घरी पाठव. तोवर बाहेर काढणार नाही.

गुरु. ७
सईचा व्हिडिओ कॉल. खांदा काळानिळा. इथे रग्बी खेळायची तेच काय कमी होतं! मी देव्हाऱ्यापुढेच बसलेली, तिला दिसलं.
"आई, कृष्णाला का बुडवला? त्याला थंडी वाजेल!"
हे मागून, "अगं, देव पाण्यात घातलेत तिने. तुला टीममध्ये घ्यावं म्हणून."
पोर रडायलाच लागली. "आई, तू बेस्ट आहे."
मी फोन ह्यांच्या हातात दिला.

शुक्र. १५
अष्टमी. जन्म इथल्या संध्याकाळी साडेसातलाच केला, भारतात रात्रीचे बारा वाजले तेव्हा. जागवत नाही आता. पाळण्यात सुपारी ठेवून दोरी ओढली. ह्यांना सुंठवडा चिमूटभरच, डॉक्टरांनी खोबरंही बंद केलंय. वाटीतलं पाणी रोज कढीपत्त्याला घालते, वाया नको.

गुरु. २१
सकाळी फोन. "आई! माझा नाव आला! शनिवारी खेळते मी! आता काढ त्याला बाहेर."
"काढते," म्हटलं.
थोड्या वेळाने परत मेसेज, काढला का? हो लिहिलं.
देवावरून खोटं आजवर बोलले नव्हते. वाटीतच आहे.

शनि. २३
मॅच इथल्या सकाळी दहाला, टीव्हीवर. तिथला फुटबॉल वेगळाच. गोल मैदान, लांबोडका बॉल, दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोनांतून मारला तर सहा गुण. बाजूने गेला, म्हणजे हुकलाच, तरी एक देतात.
सईने उंच उडी मारून बॉल झेलला. दोघी अंगावर आल्या, सोडला नाही. मग लाथ मारली ती हुकली. एक गुण. हे खुर्चीला न धरता उभे राहिले. "बघितलंस? बघितलंस का?"
माझे हात जोडले गेले. कशासाठी, ते...

मंगळ. २६
हरतालिका. पाय दुखतात. उद्या गणपती, देव घासायला काढले.
सईचा मेसेज. क्लब आणखी दोन वर्षं ठेवून घेतोय. "शुक्रवारी सही आहे. पण आई, तू हो बोल, मग करते."
शुक्रवार म्हणजे डायलिसिसचा वार.
हे म्हणाले, "कळव की हो. झालं ना तुझ्या मनासारखं? मग त्याला अजून कशाला बुडवून ठेवलायस?"
"राहिलंय जरा."
"काय राहिलंय?"
मी चिंच भिजत घातली. सईला हो अजून कळवलेलं नाही.
चिंचेने सगळे देव लख्ख केले. हा तेवढा राहिला, पायाशी हिरवट झालाय.
वाटीतलं पाणी बदललं. आज कोमट घातलं.