आरसा काचेच्या धाग्यावर राहिला

स्कॉटलंड, रविवार

तीर्थरूप अण्णा आणि आई,
तुमच्या योगिनीचा इतक्या लांबून वाकून नमस्कार.

आधी आनंदाची बातमी. आमचं यंत्र चाललं! दूरवर तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात बारीकशी थरथर उठते. ती टिपणाऱ्या मोठ्या यंत्राचा हा छोटा नमुना. त्यातला जड आरसा केसासारख्या काचेच्या धाग्यांवर टांगायचं काम माझ्याकडे होतं. गेल्या महिन्यात धागा तुटून आरसा फुटला. फोनवर माझा आवाज बसलेला वाटला ना, ती सर्दी नव्हती.

आमच्या प्रमुख फिओनाबाई म्हणाल्या, "आता पोलादी तार लावू."
मी म्हटलं, "एकदा अजून काचच. काच तापवून धागे मीच ओढते."

शुक्रवारी नवा आरसा टांगून लेसर सोडला. प्रकाश तो आणि समोरचा आरसा यांच्यामध्ये जो स्थिरावला, तो संध्याकाळपर्यंत हललाच नाही. मी मराठीतच ओरडले, "राहिला! राहिला!" आता इथले गोरेही तेच ओरडतात.

अण्णा, डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. साठवणीचा कांदा चाळीत भरला का? आई, मी वेळेवर जेवते, बहुतेक.

मोठ्या यंत्राचे आरसेही मीच टांगायचे, असं ठरलंय. नांदगावात सगळ्यांना सांगा. समजावता नाही आलं, तर नुसतं म्हणा, आमची पोरगी जिंकली.

तुमची लाडकी,
योगिनी