सर, एक इचारू का?

२ जुलै २००७
आलो बुवा एकदाचा तलवाड्यात! वर्षभर कॉलेजात इंग्रजी शिकवायचं, अनुभवाचा दाखला घ्यायचा आणि पुण्याला सुटायचं. गाव बरं आहे, म्हणजे एसटी थांबते. खोलीखाली बसवराजचं किराणा दुकान. मागे मिरच्यांच्या पोत्यांशेजारी इंटरनेटचे दोन कॉम्प्युटर. म्हणे सायबर कॅफे! शिंका देत मेल बघायची.

९ जुलै
प्राचार्यांवर छाप पाडायला ऑर्कुटवर कम्युनिटी काढली, 'तलवाडा इंग्लिश क्लास'. पोरांनी शंका विचारायच्या, मी उत्तरं द्यायची. प्राचार्य जाम खूश. पोरांची एबीसीडीशी मारामार आणि निघालीत जगाशी मैत्री करायला!

२० जुलै
अकरावीतली अंजना रोज एकच स्क्रॅप, म्हणजे ऑर्कुटवरचा निरोप, टाकते: 'सर, एक इचारू का?' अगं, विचारायचं तर विचार की! परवानगी कसली मागतेस? इंग्रजी शिकायचंय आणि मराठीच धड नाही. मी उत्तर देत नाही. बसवराज म्हणाला, पोरगी रानातलं काम उरकून तशीच येते. मी म्हटलं, तरीच कीबोर्डला चिखल.

८ ऑगस्ट
अंजना तापानं गेली. वाईट झालं. सरांचं उत्तर आलं का, असं शेवटपर्यंत विचारत होती म्हणे. ही मंडळी काहीही सांगतात.

१७ ऑगस्ट
प्राचार्यांनी दहाव्याला नेलंच. कावळा शिवेना. तिचे वडील अर्जुनराव कबूल करत सुटले: धाकटीला शिकवू, तुझी गाय विकणार नाही. कावळे ढिम्म. मग माझ्याकडे बघत ते म्हणाले, सर शिकवतील तुला. लगेच पिंडावर झडप! सगळ्यांनी मला हात जोडले. मला हसू आवरेना.

२० ऑगस्ट
'सर, एक इचारू का?' तिच्याच नावानं, तारीख आजची. कुठल्या हरामखोराचा चावटपणा? बसवराजला झाडला. तो आईची शपथ घेतो.

२३ ऑगस्ट
भरदुपारी लोडशेडिंग. पंखा बंद, दिवा बंद. कॉम्प्युटर मात्र चालू, आणि त्यावर तोच स्क्रॅप. बसवराज रस्त्यावर पळाला, भित्रट कुठला! मी ठणकावून टाइप केलं: शिकवतो, बाई! आता पिच्छा सोड. पडदा विझला.

२५ ऑगस्ट
अंगात ताप. गावचं पाणी, दुसरं काय! कम्युनिटीत नवी बाई आलीय, गंगासागर. 'सर, एक इचारू का?' बसवराज पांढराफटक पडला. म्हणाला, 'सर, ही माझी आज्जी हाय. लई वर्सं झाली तिला जाऊन. तिला सहीबी येत नव्हती.'

२६ ऑगस्ट
कम्युनिटी काढून टाकली. परत आली. आणखी नावं— सगळी गावातलीच, सगळी गेलेली. अंगठाबहाद्दर! जिवंतपणी शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि आता—

२७ ऑगस्ट
पुण्याची एसटी गाठायची होती. तापानं उठवत नाही. अर्जुनराव आले, हात जोडून. स्वप्नात अंजना हसत होती म्हणे. सर येतायत म्हणाली—
भीती वाटते. मला भीती वाटते.

२८
बसवराज खालूनच ओरडून सांगतो, अंजनाचा स्क्रॅप आलाय: 'सर, वर्ग भरला. तुमी कवा येता?'
उत्तर द्यायचं नाही. अडाणी गाव. अडाणी— नाही द्यायचं—
केवढा गलका हा. बसा. बसा खाली. गडबड नको, आलो, आ—