रुसण्याची चाल

बंदर, ४ नोव्हेंबर १९७३

ती. पेदनान्ना यांस अलिवेलूचा शि. सा. न. वि. वि.

बाईनं रुसून कसं चालावं, हे पुरुषांना कोणी शिकवलं? हा प्रश्न माझा नाही, माझ्या वर्गातल्या नागरत्नमचा आहे, आणि तो मी तुमच्याकडे पाठवते आहे. मी मुलींना सांगत होते की आपल्या कुचिपुडीत मानिनीची भूमिका पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच करत आले. माझे पेदनान्ना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चाळीस वर्षं साडी नेसून ती उभी करत होते, एकतीस मुलगे त्यांनी तयार केले. त्यावर ही बारा वर्षांची पोर विचारते, मग टीचर, त्यांना कोणी शिकवलं, त्यांच्या मिशीनं? सगळा वर्ग खिदळला. मीही हसले.

मी अडचणीत आहे. नऊही मुलींना पावलं येतात, ताल सुटत नाही. पण मानिनी रुसून पाठ फिरवते आणि चालू लागते, तिथे नऊजणी रेशनच्या रांगेतून रिकाम्या हातांनी परतल्यासारख्या चालतात. माझंही तसंच होतं. मी तुम्हाला दाराआडून पाहून शिकले, आणि ती चाल करताना तुम्ही नेमके दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात जात होता. वीस जानेवारीला शाळेचा वार्षिकोत्सव. त्या दिवशी बघण्यासारखं काही झालं नाही, तर नाचाचा तास शिवणकामाला जाईल, असं हेडमिस्ट्रेस सुगुणम्मांनी सांगून टाकलंय. त्यांचं तरी काय चुकलं? शिवणयंत्रं येऊन पडली आहेत.

तुम्ही मुलींना शिकवत नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही शिकवलं नाहीत. पण दार कधी लावून घेतलं नाहीत, आणि वडिलांशी भांडून मला कॉलेजात पाठवलंत. घरातली पहिली बी.ए. मी तुमच्यामुळे झाले. त्याच जिवावर मागते, एकदा बंदरला या.

पेद्दम्माला, माझ्या लाडक्या थोरल्या काकूला, नमस्कार. तिनं दिलेली अंबाडीची गोंगुरा पचडी संपली, हेही सांगा.

तुमच्या आशीर्वादावर उभी असलेली,
अलिवेलू


वेणुगोपालपुरम, १३ नोव्हेंबर

चि. अलिवेलू हिला पेदनान्नाचे अनेक आशीर्वाद.

नागरत्नमला सांग, मिशी मी सोळाव्या वर्षापासून भादरत आलोय, ती बिचारी काय शिकवणार!

येणं जमणार नाही. गुडघा इतका गेलाय की देवळाच्या पायऱ्या बसून उतरतो. पण पोरीनं सरळ विचारलंय, तर मी सरळ लिहितो. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

माझ्या गुरूंनी सगळं दिलं, पण ती चाल त्यांनाही समजावता येत नव्हती. मी चाललो की ते कपाळावर हात मारून म्हणत, अरे, ही रुसलेली राणी की दुखऱ्या पायाची म्हैस! लग्नाला वर्ष झालं होतं. दिवाळीला मी बहिणीसाठी साडी आणली आणि तुझ्या पेद्दम्मासाठी आणायची विसरलो. ती विहिरीवरून आली, घागर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि वळली. आधी टाच वळली, मग कंबर, मग पाठ, आणि डोळे सगळ्यांत शेवटी. मग ती चालत गेली. घाई नाही, पण थांबणंही नाही. मी तसाच गोठ्यात गेलो आणि गायींसमोर तिन्हीसांजेपर्यंत तेच करत राहिलो. त्या वर्षी देवळापुढे खेळ झाला, तेव्हा लोक उठून उभे राहिले. माझं नाव झालं ते त्या दिवसापासून.

पुढे चाल शिळी झाली असं वाटलं की मी मुद्दाम काहीतरी विसरायचो. कधी गजरा, कधी तिच्या माहेरचं लग्न. देव क्षमा करो.

पोरी, माझं जे काही झालं ते तिच्यामुळे. पण हे तिच्या कानावर घालू नकोस. या वयात मला तेवढं धैर्य नाही.

तुझं भलं चिंतणारा,
कोदंडरामय्या


वेणुगोपालपुरम, २७ नोव्हेंबर

चि. अलिवेलू हिला आशीर्वाद.

काल देवळातून आलो तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी किल्ली दिली; म्हणतात, तू सकाळच्या बसनं आली होतीस आणि पेद्दम्मा ट्रंक घेऊन तुझ्याबरोबर गेली. जाताना माझ्यासाठी निरोप ठेवला नाही. चूल थंड. हा काय प्रकार आहे? उलट टपाली कळव.

को.


बंदर, १ डिसेंबर

ती. पेदनान्ना यांस सा. न. वि. वि.

अपराध माझा आहे, क्षमा करा. तुमचं पत्र मी पेद्दम्माला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. पहिलं पाऊल टाकण्याआधी गुरूचं नाव घ्यायचं, असं तुम्ही त्या एकतीस जणांना रोज सांगत होता. मुलींना ती चाल शिकवायची आणि नाव लपवायचं, हे मला जमेना.

तिनं हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, माणूस विसरभोळा आहे म्हणून मी दर मंगळवारी आंजनेयाला विड्याच्या पानांची माळ वाहिली, आणि हा गोठ्यात तालीम करत होता! लगेच ट्रंक भरायला घेतली.

शाळेत आल्यावर मात्र मला कुठे नाचता येतं म्हणून हटून बसली. मी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी दालनात मुलींपुढे तुमच्या तक्रारी सांगत येरझारा घालू लागली. माहेरच्या लग्नाचं आठवलं आणि वळली. मी टेबलावर ताल धरला. नागरत्नम तिच्या मागे चालू लागली, मग बाकीच्या आठही. पेदनान्ना, तुम्ही लिहिलंत अगदी तसंच, डोळे सगळ्यांत शेवटी! दारात सुगुणम्मा उभ्या होत्या. त्यांनी काल शिवणयंत्रं जुन्या वाचनालयात हलवून घेतली; नाचाचा तास राहिला.

पेद्दम्मा रागावली आहे, पण पत्र पुन्हा वाचायला लावते. तिच्यामुळे सगळं झालं, असं जिथे लिहिलंय, ती ओळ दोनदा. तुमचं जेवण तिथेच गावात माझ्या वडिलांकडे सांगितलं आहे. उत्सवाला वडील तुम्हाला बैलगाडीनं बसपर्यंत आणतील. तेव्हा साडी आणायची विसरू नका, असा निरोप आहे. तिचा नाही, माझा.

आणखी एक. कार्यक्रमपत्रिकेवर गुरूंच्या जागी मी दोन नावं दिली: आधी पेद्दम्माचं, भ्रमरांबा; खाली तुमचं, कोदंडरामय्या. तुम्हाला विचारलं नाही. दोनशे प्रती आज सकाळी छापून आल्या आणि मुलींनी गावात वाटल्याही.

तुमच्या दोघांच्या ऋणातली,
अलिवेलू