सरांना पाठवलेली शाल

वेंटवर्थव्हिल, सिडनी
१५ जून २०२५

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, फिजिओची बाई घरी आली की तिला चहा पाजून गप्पा मारत बसू नकोस, व्यायाम कर. इथे थंडी पडली आहे. या देशातल्या घरांना थंडीचं काही सोयरसुतक नसतं, त्यामुळे निनाद कानटोपी घालून ऑफिसच्या मीटिंगा करतो. मयूराला विचारलं, आजोबांना काय कळवू? तर "टेल हिम आय लॉस्ट अ टूथ" म्हणाली. कळवलं.

तुमच्या डॉक्टर असोसिएशनच्या वार्षिक अंकासाठी डॉ. मिलाद अबू नस्र यांच्या आठवणींची दोन पानं हवीत, तीही हाताने लिहिलेली, हे लक्षात आहे. दोन-तीनदा बसले. दरवेळी पहिल्याच पानावर गाडं अडलं. म्हणून म्हटलं आधी साधं पत्र लिहावं, हात मोकळा झाला की पानंही होतील.

सर तुम्हाला फोनवरून ठाऊक आहेत. प्रत्यक्षात ते ठेंगणे, रुंद, आणि ऑपरेशन चालू असताना अरबी गाणी गुणगुणणारे. त्यांचे वडील लेबनॉनच्या डोंगरातल्या एका खेड्यातून इथे आले आणि फळांचं दुकान घालून बसले. त्या खेड्याचा फोटो सरांच्या खोलीत डिग्र्यांच्याही वर लावलेला होता. नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी त्या फोटोसमोर उभं करायचे. "हे माझं गाव. मी इथे जन्मलो नाही, पण मी इथलाच," असं म्हणायचे आणि मगच पेशंटच्या फाइलला हात लावायचे.

मायकल नॅशची गोष्ट मी तुम्हाला कितीदा सांगितली असेल! सर शिकाऊ असताना त्यांचे साहेब डॉ. व्हिटकोम म्हणाले होते, "अबू नस्र कोणाला उच्चारता येणार? मायकल नॅश करून टाक, दारावर छान दिसेल." त्यावर सर म्हणाले, "दारावर नाव मावत नसेल तर दार मोठं करा." ही गोष्ट सांगताना ते दोन्ही हातांनी दाराची रुंदी दाखवायचे. नर्सेसनी माझं 'मॅटी' केलं होतं. थिएटरच्या फळ्यावर कोणी तसं लिहिलं की सर स्वतः पुसून 'मैथिली रणदिवे' असं पूर्ण लिहायचे. मी तेव्हाच मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले होते.

रविवारी आम्हा शिकाऊ लोकांना ते घरी बोलवायचे. त्यांच्या बायकोला सगळे तान्त सुआद म्हणत, म्हणजे सुआदमावशी. तिच्या स्वयंपाकघरात बसून द्राक्षाच्या पानांत तांदूळ भरून गुंडाळ्या करायच्या. घट्ट वळली तर तांदूळ फुगून पान फाटतं, सैल वळली तर पातेल्यात सुटतं. सर म्हणायचे, ज्याला हे कळलं त्याला टाका कळला. लॅक्लन नावाचा एक गोरा मुलगा आमच्यात होता, त्याची पानं हटकून फाटायची. माझी नाही. आईच्या हाताखाली अळूवड्या वळलेल्या होत्या ना! सर माझी गुंडाळी बोटांत धरून ओरडायचे, "सुआद, लुक ॲट दीज हँड्स!"

इथवर लिहिलेलं तुमच्या अंकात शोभलं असतं. पुढचं नाही शोभणार.

गेल्या महिन्यात सरांना जाऊन चाळीस दिवस झाले. आपला तेरावा तसा त्यांच्यात चाळिसावा असतो. प्रार्थना हॅरिस पार्कच्या लेबनीज चर्चमध्ये होती. तिथेच जवळ आपल्या लोकांची मिठाईची दुकानं आहेत. एकीकडे धुपाचा वास आणि रस्त्यावर आलं की जिलबीचा. प्रार्थनेनंतर हॉलमध्ये बिनसाखरेची कडू कॉफी देतात, दुःखात गोड घ्यायचं नाही म्हणून. ती घेऊन मी एका कोपऱ्यात उभी होते, तेवढ्यात सलिल आला. आमच्या कॉलेजचा, भूल देणारा. आमच्याच हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा.

"तू आलीस हे बरं केलंस," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं येशील."

"का नाही येणार?"

"अगं, ते व्हिटकोमचं सगळं झालं होतं ना. एनी वे, लाँग टाइम अगो."

"व्हिटकोमचं काय झालं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. "मैथिली, डोन्ट टेल मी. सर तुझ्याशी बोलले नाहीत?"

बाबा, तुम्हाला आठवत असेल, एका सकाळी मी रडत फोन केला होता. डॉ. व्हिटकोम तेव्हा निवृत्त झालेले होते आणि हर्नियासाठी आपल्याच जुन्या शिष्याकडे दाखल झाले होते. ऑपरेशन मी करायचं, सर समोर उभे राहणार, असं ठरलेलं होतं. हात धुवायला उभी राहिले तर सर मागून आले आणि त्यांच्या लाडाच्या अरबी हाकेने म्हणाले, "आज नको, हबीबती. तुझे हात अजून तयार नाहीत." लॅक्लनने ऑपरेशन केलं. पानं फाडणाऱ्या लॅक्लनने.

खरं काय ते सलिलने मला त्या हॉलमध्ये सांगितलं. आदल्या संध्याकाळी तो भुलीच्या तपासणीसाठी व्हिटकोमच्या खाटेशी होता. सर आले, उद्या डॉ. रणदिवे करतील म्हणाले. म्हातारा म्हणाला, "नॉट द लिटल इंडियन गर्ल, मिलाद. देअर्स अ गुड चॅप." म्हणजे, शहाण्या मुलासारखं ऐक. आणि सर हसून म्हणाले, "ऑफ कोर्स, सर."

दार मोठं करायला लावणारा माणूस त्या खाटेशी "ऑफ कोर्स, सर" म्हणाला. पुढे कॉरिडॉरमध्ये सलिलला म्हणाला, मी बोलेन मैथिलीशी. सलिलला वाटलं बोलले असतील. वर्षअखेर मी सर्जरी सोडली तेव्हा त्याला वाटलं त्याच रागाने सोडली. "आय ॲक्चुअली ॲडमायर्ड यू फॉर दॅट," असं म्हणाला बिचारा. त्याच्यावर ओरडावं असं वाटलं, पण त्याचा काय दोष?

मी रागाने सोडली नव्हती बाबा. मी माझ्या हातांची लाज वाटून सोडली. एकदा हात तयार नाहीत म्हटल्यावर सरांना तेच पुढे चालवावं लागलं असणार. मला हलकी कामं देऊ लागले, माझ्या टाक्यांकडे जास्त वेळ पाहू लागले. ते असे पाहायला लागले तसे माझे हात खरोखरच कापायला लागले. शेवटी ते मायेनेच म्हणाले, जनरल प्रॅक्टिसमध्ये कमीपणा नाही. मी त्यांचे आभार मानले!

त्यांनी मला सांगायला हवं होतं. "म्हातारा तुला हात लावू देत नाही, आणि मला अजून त्याला नाही म्हणता येत नाही," एवढंच. मी चिडले असते, आठवडाभर त्यांच्याशी बोलले नसते, आणि मग हात धुऊन पुन्हा उभी राहिले असते. पण स्वतःची मान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी माझे हात वाईट ठरवले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

आणि ऐका. सलिल बोलून थांबतोय तोच तान्त सुआद आली आणि माझा हात धरून मला माइकपाशी घेऊन गेली. "मायकल नॅशची गोष्ट तूच सांग. मिलाद म्हणायचा, मैथिली माझ्यापेक्षा छान सांगते." तिच्या काळ्या कपड्यांवर, खांद्यावर, तुम्ही पाठवलेली ती जांभळ्या काठाची शाल होती.

मी सांगितली गोष्ट. दोन्ही हातांनी दाराची रुंदी दाखवून सांगितली. लोक रडत रडत हसले, टाळ्या वाजल्या. म्हणून तीच गोष्ट पुन्हा तुमच्या अंकात लिहिणं माझ्याने होणार नाही.

पत्र इथेच संपवून "आईला नमस्कार" लिहायचं असं ठरवलं होतं. पण ती शाल डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या सकाळी मी फोन केला तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवतं का? "सर म्हणतात तर विचार करूनच म्हणत असतील. गुरूच्या शब्दापुढे आपण काय बोलणार?" आणि मी सर्जरी सोडल्यावर, कराडहून इकडे येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर तुम्ही ती शाल पाठवलीत. पोरीला वेळीच खरं सांगितलं, म्हणून गुरूचा मान. मी ती माझ्या या हातांनी सरांच्या खांद्यावर घातली. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, किती प्रेमळ माणूस!

आपल्या नर्सिंग होमच्या खिडकीच्या गजाला उरलेला दोरा बांधून तुम्ही मला गाठी शिकवल्यात. मी शाळेत होते. तुम्ही डोळे मिटून गाठ ओढून पाहायचात आणि आईला हाक मारून सांगायचात, "हिचे हात माझ्यापेक्षा बरे आहेत." सरांना मी परकीच होते. त्यांच्यावर मी चिडेन, रडेन, कदाचित कधीतरी माफही करेन, कारण म्हाताऱ्या साहेबासमोर लहान होणं मला कळतं. पण बाबा, तुम्ही? तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की असं कसं होईल, मी हिचे हात पाहिले आहेत. एकदा जरी म्हणाला असतात! मला सरांपेक्षा तुमचा राग जास्त आला आहे, हे मला हॉलमध्ये कळलं नव्हतं. लिहिताना कळलं.

इथे उन्हामुळे लोकांच्या कातडीवर कॅन्सरचे डाग येतात, ते जीपीच, म्हणजे माझ्यासारखे फॅमिली डॉक्टरच, क्लिनिकमध्ये काढतात. इतकी वर्षं मी असा एकही काढला नाही, शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरकडे पाठवत आले. परवा तो सुट्टीवर होता आणि एक आजोबा हातावर डाग घेऊन आले. म्हणाले, "नो वरीज लव्ह, यू डू इट." मी केलं. हात कापले नाहीत असं तुम्हाला लिहिणार होते. पहिल्या टाक्याला कापले. मग नाही.

दोन पानांची वाट पाहू नका. मायकल नॅशची गोष्ट हवी असेल तर तुम्हीच लिहा, तुम्हाला पाठ आहे. उत्तर लिहाल तेव्हा सरांची बाजू मांडू नका, त्यांची बाजू मला रोज आपोआप आठवते. गुरू, नशीब, जे होतं ते बऱ्यासाठी, हेही नको. मला फक्त माझ्या हातांबद्दल लिहा. ते खरंच बरे होते का? आणि बरे होते, तर त्या सकाळी तुम्ही तसं का म्हणाला नाहीत?

खिडकीच्या गजावर तुमच्याकडून गाठी शिकलेली,
मैथिली