नव्या पलंगाचा कोपरा

शनिवार, ८ मार्च

बस सुटल्यावर बाहीवरचा गोणपाटाचा तुकडा काढून खिशात टाकला. वडील गेले की तो डाव्या बाहीला लावायचा, शंभर दिवस सुतक. आईला वाटतंय मी विद्यापीठातच बसून कागद बघणार. निघताना म्हणाली, सुतकातल्या माणसाने लोकांचा उंबरा ओलांडू नये, लक्षात ठेव. मी हो म्हटलं.

हो म्हटलं आणि शियापू गावात जाऊन घराघरात शिरले.

इलाज नव्हता. आमच्या सेवापथकाचा मागच्या वर्षीचा प्रमुख मध्येच सोडून गेला, त्याच्या आधीचीही तशीच गेली. गावाकडून आमचं सगळं बघणाऱ्या होंग काकूंनी जानेवारीत मला समोर उभं करून सुनावलं होतं, "तुम्ही विद्यापीठवाले म्हणजे थंडीतली बदकं. येता, फोटो काढता, उडून जाता. यंदा प्रमुख बदलला तर पथकच नको आम्हाला." मी शब्द दिला.

तेव्हा बाबा होते.

शनिवार, १५ मार्च

न्हाणीघरांत धरायचे दांडे बसवतोय. इथल्या म्हाताऱ्यांनी जन्मभर बुटक्या स्टुलावर बसून कालवं फोडली, गुडघे गेलेत. भिंती जुन्या, भोक पाडलं की निम्मी वीट खाली. उपप्रमुख शांग-चे दर वेळी विचारतो, "प्रमुखबाई, दांडा बसवायचा की भिंत पाडायची?" सगळे हसतात. मीही.

पथकात कुणाला माहीत नाही. दोन आठवडे ताप होता, एवढंच सांगितलंय. सांगितलं तर घरी पाठवतील. घरी आई दिवसभर कागदाची कमळं दुमडते, बाबांसाठी जाळायला. माझी कमळं उलगडतात. हात स्वस्थ राहत नाहीत — ड्रिल धरलं की जरा बरं.

शनिवार, २२ मार्च

काम. पाय दुखेपर्यंत काम. बरं वाटलं.

शनिवार, २९ मार्च

काय करून बसले!

छाइ आमांकडे, म्हणजे गावातल्या छाइ आजींकडे, दांड्याचं माप घ्यायला गेलो होतो. आमांच्या नातवाचं मे महिन्यात लग्न आहे. पहिलं ठरलेलं मोडलं, म्हणून या वेळी आमांनी मुहूर्त तीन ठिकाणी विचारून घेतलेत. आज नवा पलंग मांडायचा मुहूर्त होता आणि उचलायला येणारे पुतणे भरतीमुळे मचव्यावरच अडकले. वेळ टळत चाललेली. आमांनी आमच्याकडे पाहिलं. लग्नाच्या पलंगाला वाघाच्या वर्षातल्या माणसाचा हात चालत नाही, सुतकातल्याचा तर नाहीच. "वाघाच्या वर्षी जन्मलेलं कुणी नाही ना तुमच्यात?"

शांग-चे म्हणाला, "नाही आमा, आम्ही सगळी माकडं आणि कोंबडे."

आमा हसल्या. म्हणाल्या, मग धरा.

मी मागे सरकत होते. शांग-चेने माझ्यासाठी कोपरा मोकळा सोडला — "प्रमुखबाई, पळता कुठे?" आणि मी धरला. खिशात गोणपाट, हातात नवरा-नवरीचा पलंग. भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवला. लाल कागद लावला. आमांनी माझ्या हातावर हात ठेवला.

रविवार, ३० मार्च

मी हे असलं काही मानत नाही.

मग काल संध्याकाळपासून घास का उतरत नाही?

शनिवार, १२ एप्रिल

आमांनी लग्नाचे केक हातात ठेवले. लाल डबा. म्हणाल्या, लग्नात जेवायला घरच्यांच्या टेबलावर बसायचं, पलंगाला तुझा हात लागलाय.

सुतकात तो केक खायचा नसतो हे इथल्या लहान पोरालाही कळतं. डबा घेऊन बसथांब्यावर उभी राहिले. टाकवेना. घरी नेता येईना. शेवटी शांग-चेला दिला. "एवढा मोठा डबा? गोड आवडत नाही वाटतं तुला?" तो म्हणाला.

नातवाचं उद्या काही बिनसलं तर? नवरा-बायको भांडतातच. दर भांडणाला मी त्या पलंगाचा कोपरा आठवणार. आमांना माहीत असेल तर त्या निदान काही करू शकतील. पण सांगितलं तर गाव बंद. जितक्या न्हाणीघरांत आतापर्यंत एकाच बाजूला दांडा लागलाय, ती तशीच अर्धवट राहतील.

रविवार, १३ एप्रिल

एकटीच गेले. तुकडा बाहीला लावून. गल्लीतच उभी राहिले, उंबऱ्यापासून लांब. आमा दारात कालवं फोडत होत्या.

"आमा, माझे वडील गेलेत. पलंग उचलला तेव्हा सुतकच होतं मला."

हातातली सुरी थांबली. त्यांनी आधी बाही पाहिली, मग मला. मग आत वळून सुनेला अशुभ घालवायचे मीठ-तांदूळ आणायला सांगितलं. स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "वाघाचं विचारलं. हे विचारायचं सुचलंच नाही. एवढीशी पोर, हिचं कोण मेलं असणार."

मी वळले. मागे दारात तांदूळ पडल्याचा आवाज आला.

सोमवार, १४ एप्रिल

होंग काकूंचा फोन. पथकाने यायचं नाही. मी विचारलं, लग्नानंतर? तेव्हाचं तेव्हा बघू. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सगळ्यांना जमवून सांगितलं. कुणीतरी म्हणालं, वर्षभराची मेहनत पाण्यात. शांग-चे म्हणाला, सांगायचं होतं तर आधी सांगायचं, नाहीतर कधीच नाही. बरोबर आहे त्याचं. नंतर जिन्यात गाठलं त्याने.

"मला तरी सांगायचंस."

"काय केलं असतंस?"

विचार करून म्हणाला, "कोपरा मी धरला असता."

शुक्रवार, १८ एप्रिल

विद्यापीठात पथकाचं काम बघणाऱ्या ल्याव सरांनी बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, अशा चुकांतूनच सेवाकार्यात शिकायला मिळतं. अहवालात सविस्तर लिही, पुढच्या पथकांना उपयोगी पडेल. मी म्हटलं, पथकाचं चुकलं ते लिहीन. बाबांचं लिहिणार नाही. कुणाचा धडा व्हायला मेले नाहीत ते.

एवढं मी सरांपुढे कधी बोलले नव्हते.

शनिवार, २६ एप्रिल

प्रमुखपद सोडलं. आता शांग-चे प्रमुख. कशाचा, ते माहीत नाही.

शनिवार, ३ मे

शनिवार जाता जात नाही. आईबरोबर कमळं दुमडायला बसले, उठले, परत बसले. आईला सगळं सांगून टाकलं. ओरडेल वाटलं होतं. तिने माझं उलगडलेलं कमळ घेतलं, नीट दुमडलं, ढिगात ठेवलं. म्हणाली, पलंगाचं काय केलं त्यांनी?

शांग-चेने चौकशी केली होती. पलंग बाहेर काढला, खोली धुतली, नवा मुहूर्त घेऊन पुतण्यांनी परत मांडला. आई म्हणाली, मग झालं. पण ती माणसं तुला विसरणार नाहीत.

त्या न्हाणीघरांचं डोक्यातून जात नाही. डाव्या हाताला दांडा आहे म्हणून कुणी उजवीकडेही हात टाकला तर?

शनिवार, १० मे

आज लग्न. सकाळपासून खिडकी सोडली नाही. दुपारी शांग-चेचा निरोप: पार पडलं. नवरी हसत होती म्हणे.

बसून पोटभर जेवले.

शनिवार, १७ मे

पथकाच्या खोलीत आवराआवर करत होते. दारात होंग काकू, त्यांच्यामागे छाइ आमा आणि आणखी तिघी! दोन बसगाड्या बदलून आल्या होत्या. दांड्यांचं काय ते शांग-चेने पुढच्या शनिवारी येऊन बघावं, काकू म्हणाल्या. मी उभीच. मग आमा म्हणाल्या, "तुला घरात येता येत नाही. आम्ही इथे यायचं नाही असं कुठे आहे?" पलंगाचा राग अजून आहे, तेही सांगितलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"वडील काय करायचे गं तुझे?"

म्हटलं, गॅसचे सिलिंडर पोचवायचे, लोकांच्या घरोघरी. आणि मग बाबांबद्दल बोलताना मला थांबताच येईना.